चिठ्ठीवर वजन कुठे आहे?

बीड जिल्ह्यातल्या केजमधल्या मेडिकलवर पावसाळा सरता सरता एक मागणी दिवसभर ऐकू येते: "लेकराला ताप आलाय, दोन वर्षांचं हाय, औषध द्या." वय सांगितलं की बाटली पुढे येते आणि एक झाकण, दिवसातून तीनदा, असा हिशेब ठरतो. वजनाचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन १२.२ किलो आहे. तीव्र कमी वजनाची सीमा ८.६ किलो आहे आणि वरच्या टोकाला १५.३ किलोचं मूलही त्याच वयाचं असतं. म्हणजे 'दोन वर्षांचं' या दोन शब्दांत जवळजवळ दुपटीचा फरक दडलेला असतो.

मुलांचं औषध वजनावर द्यावं, हे आज कुणी नाकारत नाही. तरीही डोस चुकतात. नेमकं कुठे चुकतं, वजनाऐवजी काय काय वापरलं गेलं, कुठल्या औषधाला वजन लागतं आणि कुठल्याला लागत नाही, या प्रश्नांचा हा आढावा आहे. यातली अंकगणितं चौथीच्या मुलालाही जमतील अशी आहेत. अडचण अंकांच्या आधी येते आणि नंतरही येते.

वयाचे जुने नियम

मुलांच्या डोसाचे नियम दोनशे वर्षांपासून शोधले जात आहेत. प्रकाशाच्या तरंगसिद्धांतासाठी ओळखल्या जाणाऱ्या थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरच्या नावाने एक नियम चालत आला: मुलाच्या वयाला वय अधिक बारा यांनी भागा, तेवढा प्रौढाच्या डोसाचा हिस्सा मुलाला द्या. दोन वर्षांच्या मुलाला या हिशेबाने एक सप्तमांश मिळतो. क्लार्कच्या नियमात वय गेलं आणि वजन आलं: मुलाचं पौंडांतलं वजन भागिले १५०.

हे नियम आजच्या मापाला लावून पाहू. पॅरासिटामॉलचा प्रौढ डोस ५०० मिलिग्रॅम धरला तर यंगच्या नियमाने दोन वर्षांच्या मुलाला सुमारे ७१ मिलिग्रॅम मिळतील. १२.२ किलोच्या मुलाला क्लार्कच्या नियमाने सुमारे ९० मिळतील. आजचा मान्य डोस आहे दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे याच मुलाला १२२ ते १८३. दोन्ही जुने नियम कमी पडतात.

कारण मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे. एक ते पाच वर्षांच्या वयात यकृत काही औषधं प्रौढापेक्षा वेगाने निकामी करतं. फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधाचा डोस म्हणूनच लहान मुलांना दर किलोमागे प्रौढांपेक्षा जास्त लागतो. नवजात बाळात चित्र उलटं असतं. त्याच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सुमारे ७५ टक्के असतं, यकृतातली विकरं अपुरी असतात आणि मूत्रपिंडं पूर्ण क्षमतेला यायला वर्षभर लागतं. १९५९ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे त्या काळचं लोकप्रिय प्रतिजैविक नवजातांना दिल्यावर बाळं राखाडी पडून दगावल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. बाळांच्या यकृताला ते औषध बाहेर टाकता येत नव्हतं. तेव्हापासून 'दर किलोला इतकं' हा आकडा प्रत्येक औषधाचा वेगळा आणि प्रत्येक वयोगटाचा वेगळा धरला जातो. प्रौढाच्या डोसाला वजनाच्या प्रमाणात कात्री लावणं म्हणजे वजनावर डोस काढणं नव्हे.

अंदाजाचं वजन

काटा हाताशी नसेल तर अंदाज केला जातो. आपल्याकडच्या बालरोगाच्या पुस्तकांत एक ते सहा वर्षांसाठी एक सूत्र असतं: वयाची दुप्पट अधिक आठ. तीन वर्षांच्या मुलाचं वजन यावरून चौदा किलो येतं. भरल्या अंगाच्या मुलाला ते बरोबर बसतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली होती. तीन वर्षांच्या मुलाची तीव्र कमी वजनाची सीमा १० किलो आहे. अशा मुलाला चौदा किलोचा डोस गेला तर तो चाळीस टक्के जास्त होतो. पॅरासिटामॉलच्या एखाद्या डोसात हे एक वेळ निभावेल. डिगॉक्सिन किंवा जेंटामायसिनमध्ये निभावणार नाही, कारण तिथे गुणाचा आणि विषाचा डोस यांत अंतर फार थोडं असतं.

अमेरिकेत तातडीच्या उपचारांसाठी ब्रोसलो टेप नावाची रंगीत फीत वापरतात. मुलाला आडवं करून उंचीला फीत लावायची, ज्या रंगावर टाच येईल त्या रंगात डोस छापलेला असतो. मुंबईतल्या मुलांवर ही फीत तपासली गेली तेव्हा १० किलोंच्या वरच्या मुलांचं वजन ती खऱ्यापेक्षा जास्त दाखवते असं आढळलं. उंची तीच असते, अंगावर मांस कमी असतं. दंडाचा घेर आणि दंडाच्या हाडाची लांबी यांवरून वजन काढायची पद्धत म्हणूनच हडकुळ्या मुलांना जास्त न्याय देते. दंडाचा घेर मोजायची पट्टी अंगणवाडीत असतेच, ११.५ सेंटिमीटरच्या आत घेर आला की मूल तीव्र कुपोषित धरलं जातं.

केज तालुक्यात याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या आगेमागे इथल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधले महिने लेकरं फडावर आणि कोपीत काढतात. अंगणवाडीताई महिन्याच्या महिन्याला मुलांची वजनं घेतात, पण फडावरच्या लेकराचं गावातलं शेवटचं वजन दसऱ्याचं असू शकतं. मार्चमध्ये परतलेल्या आणि मधे दोनदा जुलाब झालेल्या मुलाला ते वजन लावता येत नाही. उलट, अंगावर सूज असलेलं कुपोषित मूल काट्यावर खऱ्यापेक्षा जड भरतं. एकूण, वजन हे त्या दिवसाचंच लागतं. काटा नसेल तर निदान महिन्याभरातलं नोंदलेलं वजन घ्यावं. सूत्राचा आधार सगळ्यात शेवटी घ्यावा.

मिलिग्रॅमपासून मिलिलिटरपर्यंत

वजन मिळालं, डोस मिलिग्रॅममध्ये निघाला. आईच्या हातात मात्र मिलिग्रॅम कधीच येत नाही. तिच्या हातात बाटली असते आणि बाटलीतलं औषध मिलिलिटरमध्ये मोजायचं असतं. बऱ्याच चुका या टप्प्यावर होतात.

पॅरासिटामॉल आपल्याकडे प्रामुख्याने तीन ताकदींत मिळतं: पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि बाळांसाठीचे ड्रॉप्स, ज्यांच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे आहेत. पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ आणि ड्रॉप्समधून दीड. डोस तोच, आकडे तीन. आता मागच्या खेपेचं "सहा मिलिलिटर" लक्षात ठेवून घरच्यांनी ड्रॉप्स पाजले, तर एका वेळेला ६०० मिलिग्रॅम जातील, म्हणजे दर किलोला ६०. दिवसभरात जास्तीत जास्त जेवढं द्यायचं, तेवढं एका घोटात जातं. लहान बाळाचं औषध पातळ असणार असं घरात समजलं जातं. प्रत्यक्षात ड्रॉप्स सगळ्यांत दाट असतात.

दुसरी चूक चमच्याची. घरातला चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा असेलच असं नाही, आणि टोपणावरच्या पुसट रेषा रात्रीच्या उजेडात दिसत नाहीत. सुईविना सिरिंज हे सगळ्यांत खात्रीचं माप आहे आणि कुठल्याही मेडिकलवर ते चार-पाच रुपयांपासून मिळतं. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१५ मध्ये पातळ औषधांचे डोस फक्त मिलिलिटरमध्ये लिहावेत, चमचा हे माप वापरूच नये, असं धोरण जाहीर केलं. आपल्या चिठ्ठ्यांवर अजून "१ चमचा" सर्रास दिसतं.

तिसरी चूक दोन बाटल्यांची. ताप आणि अंगदुखीसाठी मिळणाऱ्या जोडसिरपात पाच मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. त्यासोबत घरात आधीचं पॅरासिटामॉल चालू असेल तर ते दोनदा जातं, आणि दोन्ही बाटल्यांचे रंग आणि नावं वेगळी असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. पॅरासिटामॉल २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नको आणि एकूण दर किलोला ६० मिलिग्रॅमच्या आत राहावं. न जेवलेल्या, कृश मुलात सलग दोन-तीन दिवस जादा डोस गेला तरी यकृताला इजा होऊ शकते. डेंगीची शंका असेल तेव्हा आयबुप्रोफेन मुळातच टाळायचं असतं.

चौथी चूक 'दिवसाला' आणि 'वेळेला' यांची. अमॉक्सिसिलिनसारख्या औषधाचा डोस पुस्तकात दर किलोला दिवसाला असा दिलेला असतो. दहा किलोच्या मुलाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम म्हणजे दोन वेळा २००. तो आकडा एका वेळेचा समजला गेला तर डोस दुप्पट होतो. कोरड्या भुकटीच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं असतं. ते अर्धंच घातलं तर औषध दाट होतं, आणि मग बरोबर मोजलेला चमचाही चुकीचा ठरतो.

पाचवी चूक टिंबाची. .५ चं टिंब पुसट झालं की ५ होतं, ५.० चं टिंब दिसलं नाही की ५० होतं. दहापट चूक अशीच घडते. म्हणून दशांशाआधी शून्य हवं आणि पूर्णांकामागे टिंब-शून्य नको, हा नियम जगभर शिकवला जातो.

पट्ट्यांचे तक्ते

दर मुलामागे गणित नको म्हणून सरकारी कार्यक्रमांत वजनाचे पट्टे केले जातात. त्यांतले काही नेमके असतात, काही ढोबळ.

क्षयरोगाचा पट्टा नेमका आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात मुलांना पाण्यात विरघळणारी संयुक्त गोळी देतात: ४ ते ७ किलोला एक, ८ ते ११ ला दोन, १२ ते १५ ला तीन, १६ ते २४ ला चार. एका गोळीत ५० मिलिग्रॅम आयसोनियाझिड असतं. चार किलोच्या बाळाला त्यातून दर किलोला १२.५ मिळतात, सात किलोच्या बाळाला ७.१. मान्य मर्यादा ७ ते १५ ची आहे आणि पट्ट्याची दोन्ही टोकं तिच्या आत बसतात. मूल वाढलं की गोळी वाढवायची असते, म्हणून दर महिन्याचं वजन हा उपचाराचाच भाग ठरतो.

बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या तक्त्यातला पॅरासिटामॉलचा पट्टा ढोबळ आहे. तिथे ४ ते १४ किलो असा एकच गट करून त्याला १०० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा ५०० ची पाव गोळी सांगितली आहे. चार किलोच्या बाळाला १०० मिलिग्रॅम म्हणजे दर किलोला २५, तेरा किलोच्या मुलाला जेमतेम ८. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. लसीनंतर दिलेली पाव गोळी हातानेच तोडली जाते, आणि हाताने तोडलेले चार तुकडे सारखे नसतात. खेड्यात काहीच न मिळण्यापेक्षा असा पट्टा बरा, या विचाराने तो केला गेला. पण सिरप आणि काटा दोन्ही जवळ असतील तिथे त्याच्या आड लपायचं कारण नाही. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर डोसाचा हिशेब घालत न बसता सरळ दवाखाना गाठावा.

काही औषधं वयावरच दिली जातात आणि ते योग्य आहे. जुलाबात झिंक सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १०, चौदा दिवस. जंतनाशक अल्बेंडाझोल एक ते दोन वर्षांत २०० मिलिग्रॅम, पुढे ४००. या औषधांत गुण आणि अपाय यांतलं अंतर मोठं आहे, म्हणून ढोबळ माप चालतं. क्षारसंजीवनीला मात्र वजन लागतं: काही प्रमाणात शोष पडलेल्या मुलाला चार तासांत दर किलोला ७५ मिलिलिटर, म्हणजे आठ किलोच्या मुलाला ६०० मिलिलिटर. तीव्र कुपोषित मुलाला हाच हिशेब जसाच्या तसा लावत नाहीत. त्याच्या हृदयाला एवढं पाणी झेपत नाही.

साप, विंचू आणि कुत्रा

वजनाच्या नियमाची मर्यादा बालाघाटच्या या माळरानावर फार स्पष्ट दिसते. सापाने मुलाला चावताना मुलाचं वजन पाहिलेलं नसतं. विषाची मात्रा प्रौढाला आणि मुलाला सारखीच टोचली जाते, म्हणून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच्या प्रतिविषाचा डोसही मुलाला प्रौढाएवढाच असतो. लेकरू लहान आहे म्हणून निम्म्या कुप्या दिल्या तर निम्मं विष तसंच राहील. इथे मारक दिला जातो तो विषाला, त्यामुळे मुलाच्या वजनाने मोजून उपयोग नाही.

लाल विंचवाच्या दंशात उलटं आहे. त्याचं विष शरीरातल्या चेतातंतूंना भडकवतं, रक्तदाब चढतो आणि फुप्फुसांत पाणी साचतं. महाडला ग्रामीण रुग्णांवर काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या जुन्या औषधाचा उपयोग दाखवला. १९८६ मध्ये त्यांचं हे काम 'लॅन्सेट'मध्ये आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध शरीरावर काम करतं, म्हणून त्याला वजन लागतं: दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. इथे मायक्रो आणि मिली यांची गल्लत झाली तर चूक हजारपट होते.

कुत्रा चावल्यावर एकाच मुलात दोन्ही नियम एकत्र येतात. रेबीजची लस मुलाला आणि प्रौढाला सारख्याच मात्रेत, कारण ती प्रतिकारशक्तीला फक्त ओळख करून देते. जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन मात्र वजनावर: घोड्याच्या रक्तापासून केलेलं दर किलोला ४० एकक, मानवी २०.

गणिताने न सुटणारी औषधं

काही बाटल्यांना कितीही अचूक गणित सुरक्षित करू शकत नाही. तापावरचं निमेसुलाइड बारा वर्षांखाली द्यायला २०११ पासून बंदी आहे. सर्दीवरच्या क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या जोडऔषधावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतली अनेक नागपूरला उपचारासाठी आणलेली होती. त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. तो भेसळीचा गुन्हा होता, डोसाची चूक नव्हती. पण त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलेली गोष्ट डोसाचीच होती: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. बहुतेक खोकला आपोआप जातो. अशा वेळी दर किलोला किती, या प्रश्नाचं बरोबर उत्तर शून्य असतं.

हे कोण करणार?

हे सगळं मोठ्या रुग्णालयातच जमेल, असं म्हणायला जागा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजातांचं वजन घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ३९ गावांमधले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताईंच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, तो याच वाटेने आलेला आहे.

केज तालुक्यातल्या मुलाचं औषध अनेक हातांतून जातं: गावातले डॉक्टर, उपकेंद्रावरच्या नर्सताई, केजचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, आणि या सगळ्यांच्या अधेमधे मेडिकलचा काउंटर. यांतल्या प्रत्येकाला गणित येतं. पण प्रत्येक हाताने दुसऱ्याचं गणित तपासायचं तर त्याला गणिताचे आकडे दिसले पाहिजेत, आणि आकडे दिसायची जागा एकच आहे, ती म्हणजे चिठ्ठी. तिच्यावर पाच गोष्टी असल्या तर साखळीतला कुणीही चूक पकडू शकतो: आजचं वजन, एका वेळेचे मिलिग्रॅम, बाटलीची ताकद, मिलिलिटर, आणि दिवसातून किती वेळा व किती दिवस. यांतली ताकद सोडली तर मिलिलिटर अर्थहीन, आणि वजन सोडलं तर मिलिग्रॅम तपासता येत नाहीत. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या ताकदीची बाटली दिली तर त्याने मिलिलिटरचा आकडा खोडून नवा लिहावा आणि सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्यावी. न वाचता येणाऱ्या आजीलाही ती रेघ पुरते.

यातली कुठलीच गोष्ट नवी आणायला लागणार नाही. वजन अंगणवाडीच्या नोंदीत आहे, डोस सरकारी तक्त्यांत आहे, सिरिंज दुकानात आहे आणि ताकद बाटलीवर छापलेली आहे. फक्त यांतले आकडे आज एका कागदावर येत नाहीत. डॉक्टरांच्या छापील चिठ्ठीत नाव, वय आणि तारखेचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी वजनाचा रकाना छापायला शाईपलीकडे खर्च नाही. तो रिकामा दिसला तर विचारायचा हक्क आईबापांना आहे, आणि वजन कळेपर्यंत थांबण्याची जबाबदारी औषध देणाऱ्याची आहे.